जमीन बिनशेती होते, माती होत नाही

गावगाड्याच्या जुन्या भाषेत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीने येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. चुलीतली राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि चुना यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या साचून वस्तीची जागा पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. गाव उठून गेले तरी त्याचे पांढरीचे टेकाड मागे राहते आणि पुरातत्त्वज्ञ त्यावरूनच प्राचीन वसाहतींचा माग काढतात. वस्तीमुळे माती पांढरी झाली, हे खरे. परंतु वस्ती मुळात कोठे बसली हेही पाहण्यासारखे आहे. ती बहुधा उंचवट्यावर, पुराच्या पाण्यापासून दूर, मुरमाड बरडावर बसली. काळ्या रानात गोठा असे, मांडव असे, राखणदाराची खोप असे. वाडा सहसा नसे. कसदार जमीन घराखाली घालवू नये हा एक विचार त्यामागे होताच, पण काळीवर भिंत टिकत नाही हा अनुभवही होता.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या शहरांनी आणि तालुक्यांच्या गावांनी पांढरीची ही वेस ओलांडली. त्यात वावगे काही नाही. माणसे वाढली, नोकऱ्या वाढल्या, तेव्हा घरे वाढणारच. ज्या रानात ज्वारी आणि कापूस उभा असे तेथे दगड रोवले गेले, तीस फुटी रस्ते आखले गेले आणि ‘शिक्षक कॉलनी’, ‘महसूल कॉलनी’ अशा पाट्या लागल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ साली शेतीची जमीन आणि बिनशेती जमीन असा भेद कायद्यात पक्का केला. प्लॉट घेणारा मनुष्य त्यामुळे पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ‘एन.ए. झाले आहे का?’ प्रश्न योग्यच आहे. परंतु कागदावर जमीन बिनशेती झाली, म्हणून तिच्याखालची माती बिनशेती होत नाही. सातबारा पाहणारे शंभर असतात; चार फूट खणून माती पाहणारा त्यांत एखादाच निघतो.

प्रस्तुत लेखकाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची कथा येथे सांगण्यासारखी आहे, कारण ती त्यांच्या एकट्याची नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षे शिकवून सर निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या रकमेत त्यांनी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत तीन खोल्यांचे टुमदार घर बांधले. पाया किती घ्यावा, असे विचारता गवंड्याने ‘चार फूट पुष्कळ झाले’ असे उत्तर दिले. पायाच्या खोदाईत निघालेली काळीभोर माती फेकून देण्यापेक्षा तीच जोत्यात भरून टाकावी, म्हणजे मुरमाच्या ट्रॉल्यांचा खर्च वाचेल, अशी सूचनाही आली आणि ती सर्वांना पटली. वैशाखात वास्तुशांत झाली. श्रावणात स्वयंपाकघराचे दार चौकटीत अडकू लागले, तेव्हा सुताराला बोलावून ते रंधून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच दाराखालून बोटभर फट दिसू लागली. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघाले; लांबी भरली की पावसाळ्यात ती फुगून बाहेर येई आणि उन्हाळ्यात तडा पुन्हा उघडे. सरांनी सिमेंटला दोष दिला, गवंड्याला दोष दिला, काही दिवस वास्तुदोषाचीही चर्चा घरात झाली. मातीचे नाव मात्र कोणी काढले नाही.

काळ्या मातीचा श्वास

पावसाळ्यात मिटणारा आणि उन्हाळ्यात उघडणारा तडा ही काळ्या मातीची सही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्यांतून झालेला काळा खडक झिजून आपली काळी माती तयार झाली. या मातीत चिकणमातीचा जो अंश असतो, त्यात स्मेक्टाइट गटातली खनिजे पुष्कळ असतात. त्यांची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असते आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरते. वाळूच्या कणांभोवती पाणी राहते, त्याने वाळू फुगत नाही. येथे मात्र पाणी आत शिरून पापुद्रे दूर सारते आणि सगळी माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी गेले की माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ही भेग उपकारक आहे. वरची भुसभुशीत माती तिच्यातून खाली पडते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरून घेते. घराला मात्र ही हालचाल सोसत नाही.

यात एक गोष्ट सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. आपल्याला वाटते, की घर लहान आणि हलके असेल तर पाया साधा चालेल. फुगणाऱ्या मातीवर हलके घरच अधिक त्रास भोगते. माती फुगताना वर रेटा देते. मोठ्या इमारतीचे वजन त्या रेट्याला काही प्रमाणात दाबून धरते, एकमजली घर किंवा कुंपणाची भिंत मात्र सहज उचलली जाते. ती सारखी उचलली गेली तरी बिघडले नसते. परंतु घराच्या मध्यभागी, जेथे ऊन लागत नाही, तेथे ओल साठून राहते आणि कडेची माती दर उन्हाळ्यात वाळते. एका कोपऱ्यात न्हाणीघराचा गळका पाइप असतो, दुसऱ्या कोपऱ्याला हौसेने लावलेले मोठे झाड मुळांनी ओल ओढून घेत असते. घराचे चार कोपरे मग चार निरनिराळ्या वेळापत्रकांनी वर-खाली होतात आणि विटांची भिंत ते सहन करू शकत नाही.

ही माहिती गूढ नाही आणि नवीही नाही. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली कंदासारखे फुगीर टोक असलेले खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत पन्नासच्या दशकातच विकसित केली. अभियंते त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. ऋतूंचा परिणाम जेथे पोहोचत नाही त्या खोलीवर तो कंद रुतून बसतो आणि वरची माती कितीही हलली तरी घराला धरून ठेवतो. खोल काळ्या मातीत हे खांब निदान साडेतीन मीटर तरी खाली गेले पाहिजेत, असे भारतीय मानक सांगते. खांबांना जोडणारी तुळई जमिनीला टेकू न देता तिच्याखाली थोडी पोकळी ठेवावी लागते, म्हणजे फुगणाऱ्या मातीला वर यायला जागा मिळते. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात दुसरा मार्ग दाखवला. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या परंतु चिकट अशा मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालची फुगण्याची ओढ पुष्कळ आटोक्यात राहते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. काळ्या रानातून जाणाऱ्या कालव्यांना या संशोधनाचा मोठा उपयोग झाला. आपल्याकडचे अनेक प्रकारचे मुरूम या थराला चालतात.

तीन खोल्यांच्या घराला एवढे सर्व हवेच असे नाही. मुरूम पाच फुटांवर लागत असेल तर पाया सहा फूट नेला की प्रश्न मिटतो. तो बारा फुटांवर असेल तर अभियंत्याकडे जाण्याला पर्याय नाही. पण मुरूम पाचावर आहे की बारावर, हे कळणार कसे? त्यासाठी प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्यावेत. शेजारी विहीर असेल तर तिच्या उघड्या बाजूवर थर वाचता येतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेने नकाशे पुष्कळ तयार केले आहेत, परंतु ते शेतीसाठी आणि मोठ्या प्रदेशांसाठी आहेत. आपल्या पस्तीस बाय पन्नासच्या तुकड्यात एका टोकाला बरड आणि दुसऱ्या टोकाला आठ फूट काळी असू शकते, हे नकाशा सांगत नाही. शिवाय पुष्कळ ‘सपाट’ प्लॉट हे खरोखर बुजवलेले नाले, बुजवलेल्या विहिरी किंवा दगडाच्या जुन्या खाणी असतात. जुना गावनकाशा आणि त्या भागातला एखादा म्हातारा शेतकरी यांच्याकडे याचे उत्तर मिळते. ते प्लॉट विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही.

माती फुगणारी आहे किंवा नाही, याची एक चाचणी आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतही करता येईल, इतकी सोपी आहे. वाळवलेली, कुटून बारीक चाळणीने चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घ्यावी. एकात पाणी ओतावे, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढून टाकावी आणि चोवीस तास ठेवून द्यावे. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंतल्या मातीच्या उंचीतला फरक रॉकेलमधल्या उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला, तर ती अतिशय फुगीर समजावी. मानक संस्थेने ही पद्धत नेमून दिली, त्याला कित्येक दशके लोटली. नववीच्या वर्गात हा प्रयोग झाला, तर त्या गावातली दहा-वीस घरे तरी तड्यांवाचून उभी राहतील, असे प्रस्तुत लेखकाला प्रामाणिकपणे वाटते.

वैशाखातला शोषखड्डा

तड्यांनी पैसा जातो. सांडपाण्याच्या बाबतीत मात्र मातीकडे दुर्लक्ष केल्याने आरोग्य जाते, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याचे.

नव्या वसाहतींत भुयारी गटारे पोहोचायला वर्षे लागतात. तोवर प्रत्येक घराची स्वतःची सेप्टिक टँक असते. टाकी बांधली की मैल्याचा निकाल लागला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः टाकीत फक्त गाळ खाली बसतो आणि काही अंशी कुजतो. बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले तरी रोगजंतूंनी भरलेलेच असते. ते शुद्ध करण्याचे काम टाकीनंतरची माती करते. थोडक्यात, टाकी हा अर्धा भाग झाला आणि उरलेला अर्धा भाग जमीन आहे. पहिला अर्धा भाग आपण पैसे मोजून बांधतो आणि दुसरा कसा आहे, ते पाहातही नाही.

काळ्या मातीत फसगत होते ती अशी. काम साधारणतः उन्हाळ्यात निघते. शोषखड्डा खणला जातो, त्यात टँकरभर पाणी ओतून पाहिले जाते आणि ते बघता बघता नाहीसे होते. मालक खूश, कंत्राटदारही खूश. ते पाणी मातीने शोषलेले नसते. ते भेगांमधून निघून गेलेले असते. आषाढ उजाडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन डांबरी कागदासारखी पाणी अडवून धरते. मग खड्डा तुंबतो, टाकी तुंबते आणि अंगणात दुर्गंधी सुटते. काही घरांतून टाकीचे तोंड गुपचूप रस्त्याकडेच्या उघड्या नालीत सोडले जाते. ही गोष्ट कॉलनीत सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही, कारण प्रत्येकाचे तेच झालेले असते.

म्हणूनच भारतीय मानक २४७० मध्ये सांगितलेली झिरपण्याची चाचणी कोरड्या खड्ड्यात लगेच करायची नसते. शोषखड्डा जेवढा खोल घ्यायचा तेवढ्या खोलीवर वीतभर रुंदीचा खड्डा घेऊन तळाशी थोडी जाड वाळू किंवा खडी टाकावी, त्यात फूटभर पाणी भरावे आणि माती रात्रभर फुगू द्यावी. दुसऱ्या दिवशी पाणी पंचवीस मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच, उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो. अर्धा ते एक तास लागला तर खड्डा नको, उथळ आणि लांब चर हवेत. तासाहून अधिक लागत असेल, तर त्या जमिनीत पाणी मुरवण्याचा नाद सोडून गाळणीची दुसरी व्यवस्था करावी. यासाठी एक कुदळ, एक बादली आणि एक मनगटी घड्याळ पुरते.

काळ्या मातीचे दुखणे पाणी न मुरण्याचे आहे, तर कोकणात आणि गोव्यात नेमके त्याच्या उलट आहे. तेथे जांभा आहे. घराच्या दृष्टीने जांभ्यासारखे दैवत नाही. खाणीतून मऊ निघतो, चिरे पाडता येतात, हवा लागली की कठीण होतो आणि पाया तर त्याच्यावर निश्चिंत बसतो. पण तो सच्छिद्र आहे. त्याच्या पोकळ्यांमधून शोषखड्ड्यातले पाणी इतक्या सहज जाते, की खड्डा वर्षानुवर्षे तुंबत नाही आणि घरमालक आपल्या भाग्याचा हेवा करतो. न तुंबणारा खड्डा हे येथे चांगले लक्षण नव्हे. बारीक मातीच्या थरातून पाणी सावकाश झिरपते तेव्हा जंतू अडतात आणि मरतात. दगडाच्या पोकळीतून ते पळत जाते, तेव्हा काहीही अडत नाही. उतारावरच्या वाडीत वरच्या अंगाला शोषखड्डा आणि खालच्या अंगाला विहीर असेल, तर विहिरीत काय उतरत असेल याची कल्पना करावी. देशावरही जेथे माती हातभर आणि खाली चिरफळलेला काळा खडक आहे, तेथे हाच धोका आहे. विहिरीपासून निदान अठरा मीटर अंतर राखावे, असा दंडक आहे. परंतु तो मातीतून झिरपणारे पाणी गृहीत धरतो. भेगाळलेल्या दगडात अठरा मीटरही अपुरे पडू शकतात. अशा जागी शोषखड्ड्याभोवती आणि तळाशी वाळूचा चांगला जाड थर देणे, निदान पाणी उकळून पिणे, एवढे तरी व्हावे. जुन्या वसाहतींत दर पावसाळ्यात काविळीची साथ आली की आपण भेळवाल्याकडे बोट दाखवतो. आपल्याच परसात काय मुरते आहे, ते कोणी पाहत नाही.

परसातली बाग

बागेच्या बाबतीत फार लिहीत नाही, कारण तेथली चूक एका हंगामात सुधारता येते. तरी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पाया खणताना वरची फूटभर कसदार माती खाली जाते आणि खालचा निर्जीव मुरूम वर येतो. त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा मिसळतो. त्यावर विकतची दोन ट्रॉली लाल माती पसरून आपण गुलाब लावतो आणि तो वर्षभरात का मेला, याचा विचार करतो. खोदाईच्या पहिल्या दिवशीच वरची माती कोपऱ्यात वेगळी रचून ठेवली, तर घर संपल्यावर तीच बागेला मिळते. पायासाठी नकोशी असलेली हीच माती झाडांना हवी असते, तेव्हा जोत्यात कोंबण्यापेक्षा तिची जागा परसात आहे.

दुसरी गोष्ट चुनखडीची. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे पुष्कळदा सापडतात. अशा मातीत लोह असते, पण झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला खताची उणीव समजून आणखी खत घालतात, नाही तर आजीच्या सल्ल्याने चुलीतली राख टाकतात. राख क्षारधर्मी असते. कोकणच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत ती उपकारक ठरेल, देशावरच्या चुनखडीत मात्र ती आगीत तेल ओतते. आजी कोकणातली असेल, तर तिचा सल्ला तेथे खराच होता. मूठभर मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत; बुडबुडे उठले तर चुना आहे असे समजावे. काचेच्या बरणीत माती आणि पाणी खळखळून ठेवले, की वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो आणि चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ राहते. त्या तीन थरांच्या जाडीवरून आपल्या परसाची जात कळते. शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका सुरू झाली आणि मातीपरीक्षण हा शब्द खेड्यात रुळला. शहरातल्या सुशिक्षिताला अजून त्याची गरज वाटत नाही.

या सर्वांत आपल्या मध्यमवर्गाच्या वृत्तीचाही भाग आहे. फरशी कोणती, रंग कोणता, देवघर कोणत्या दिशेला, यांवर आपण महिने घालवतो. दोन खड्ड्यांची मजुरी ही घराच्या खर्चात पंख्याच्या किमतीएवढीही नसते, तरी ती नको वाटते, कारण त्यातून दिसण्यासारखे काही उभे राहत नाही. पाणाड्या आणि विहिरी खणणारे वडार यांच्याकडे गावातल्या मातीचे जे ज्ञान होते, ते आपण अडाण्यांचे समजून सोडून दिले आणि त्याच्या जागी अभियंत्याचे ज्ञानही घेतले नाही. गृहनिर्माण संस्थांनी यात पुढाकार घ्यावा असे वाटते. शंभर प्लॉटच्या वसाहतीत आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन, मुरूम किती फुटांवर लागला आणि पाणी किती मिनिटांत उतरले, एवढा तक्ता संस्थेच्या कार्यालयात लावला, तर प्रत्येक सभासदाच्या वाट्याला येणारा खर्च नगण्य असेल. नगरपालिकांनी बांधकाम परवानगीच्या अर्जाला अशा तक्त्याची प्रत जोडायला सांगावे. ज्या वसाहतीत तो लागेल तेथे प्लॉटचे भाव कदाचित बदलतील, आणि या गोष्टीला विरोध झाला तर तो याच कारणाने होईल.

सरांच्या घराला आता बरीच वर्षे झाली. पुढे एका निवृत्त अभियंत्याने येऊन घर पाहिले आणि पहिल्यांदा भिंतीऐवजी अंगण खणायला लावले. त्याच्या सांगण्यावरून जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरला, घराभोवती चार फूट रुंदीची उताराची फरसबंदी केली, पन्हाळीचे पाणी नळीने दूर नेले आणि न्हाणीघराचे पाइप बदलले. पाया मात्र आता बदलता येणार नव्हता. दिवाणखान्याच्या पूर्वेकडील भिंतीवर एक तडा सरांनी मुद्दाम न बुजवता ठेवला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी, फळ्यावर लिहावी तशा वळणदार अक्षरात, मे आणि सप्टेंबर महिन्यांतल्या तारखा व मिलिमीटरचे आकडे लिहिलेले आहेत. मे आणि सप्टेंबर यांच्या आकड्यांमधले अंतर अलीकडे थोडे कमी होऊ लागले आहे.